उघडी करंजी

माझ्या डाव्या हातावर केस आहेत, उजव्या हातावर नाहीत. उभं आयुष्य भट्टीच्या तोंडाशी गेलं की असंच होतं. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा, असं सांगायला मास्तर आले तेव्हा मी त्यांना दोन्ही हात दाखवले आणि म्हटलं, एवढंच आहे, लिहून घ्या. मास्तर म्हणाले, हे नको, किस्सा द्या. किस्से पुष्कळ आहेत, पण अजून आठवला की एकट्यानं हसत बसावं असा एकच आहे. आणि तो पावाचा नाही, तेव्हा बेकरीवाल्याच्या तोंडून शोभतो की नाही ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

धंदा मी सांगलीला मामूंच्या भट्टीवर शिकलो आणि मग साताऱ्याला येऊन पेठेतल्या एका बोळात स्वतःची भट्टी घातली. बाहेरच्याला वाटतं, बेकरीवाला म्हणजे पाव, बटर, खारी. पण त्या काळी दसरा जवळ आला की आमचं खरं गिऱ्हाईक पाव घ्यायला येतच नसे. बायका घरी तूपसाखर फेसून, पीठ भिजवून, नानकटाईचे गोळे वळून ट्रेमधून आणायच्या आणि आम्ही ते फक्त भाजून द्यायचो. सकाळचा पाव निघाला की भट्टी उतरतीला लागते. त्या मऊ धगीत नानकटाई फुलते, चढत्या भट्टीत घातली तर वरून करपते आणि आतून रडते. लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत ढकलायचा, वेळेवर बाहेर ओढायचा, एवढंच आपलं काम. मालाला बोट लावायचं नाही. यातल्या निम्म्या घरांत माझा पाव जात नव्हता, कारण त्यात माझं पाणी होतं. माझा विस्तव मात्र चालायचा. विस्तवाला विटाळ नसतो, असं त्या म्हणायच्या आणि मीही मान डोलवायचो. मुसलमानाच्या भट्टीपुढं दिवाळीत बामणवाड्यापासून माळवाड्यापर्यंतच्या बायका ओळीनं बसलेल्या असत, यात मला भारी मौज वाटायची.

ट्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण असे. कुणी चारोळी लावी, कुणी शिवणाच्या अंगुस्तानाचा ठसा उठवी. सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घराला खूण लागायचीच नाही. त्या घरातल्या माणसांचे हात बारा महिने पिवळे, तशीच नानकटाई पिवळी. साताऱ्यात मला सगळ्यांत आवडायची ती सगुणाकाकीची खूण. काकी तपकीर ओढायची आणि आपल्या तपकिरीच्या डबीचं झाकण प्रत्येक गोळ्यावर दाबायची. झाकण धुतलंय असं ती शपथेवर सांगे. मी काही चव घेऊन पाहिलेली नव्हती.

सगुणाकाकी ओढ्यापलीकडच्या मळ्यात राहायची. नवरा मागेच गेलेला, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं-मांस बंद. पदरी एक मुलगा आणि एक म्हैस. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून ती चांदरी. मुलगा धोंडीराम लढाईत पलटणीबरोबर इटलीला गेला होता. लढायला नव्हे, रांधायला. तो परमुलखात होता तेवढी चार वर्षं काकी दिवाळीला ट्रे आणायची, भाजून झाल्यावर पंधरा-वीस नानकटाया वेगळ्या काढायची आणि म्हणायची, "ह्या धोंडीच्या." संक्रांतीपर्यंत त्या डब्यात राहायच्या. मग वास यायला लागला की चांदरीपुढं जायच्या. म्हणजे धोंडीची नानकटाई चार वर्षं चांदरीनं खाल्ली.

लढाई संपली, धोंडीराम परत आला. पण मळा एवढासा, त्यात दोघांचं पोट भरेना. पलटणीतल्या एका दोस्तानं मुंबईला बोटीवर त्याच्यासाठी भंडाऱ्याची, म्हणजे खलाशांच्या स्वयंपाक्याची, जागा बघून ठेवली. सोमवारी निघायचं ठरलं. तेवढ्यात कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मडमेची बातमी लागली. पाचगणीला तिचं बोर्डिंग होतं आणि तिला आचारी हवा होता. तीन आचारी तिनं आधीच घालवले होते. धोंडीराम गेला आणि इटलीतल्या पदार्थांच्या गप्पा ठोकून आला. मडमेनं त्याचं शेपूट बरोबर पकडलं. म्हणाली, पिठाच्या वाटीत भाजी आणि चीज घालून भाजतात ते घरी करून रविवारी अकराला आण. मांस मला डॉक्टरनं बंद केलंय. आणि डब्यातलं चीज आणलंस तर दारातूनच परत जा, लढाईभर डबेच खाल्लेत मी.

पाचगणी म्हणजे मोटारीनं अर्ध्या दिवसाची वाट. आला असता महिन्यातून दोनदा. बोट म्हणजे वर्ष दोन वर्षं पत्ता नाही.

शुक्रवारी काकी माझ्या पायरीवर येऊन बसली. तपकिरीची डबी हातात, पण उघडली नाही. "उस्मान, ह्यो बोटीवर गेला तर मी काय आता वाट बगत न्हाई," ती म्हणाली. "माजी वाट बगायची सरली. मडमंला काय पायजे त्ये तुज्या भट्टीत नीट भाजून दे म्हंजे झालं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता हे चीज कसं करतात हे साताऱ्यात कुणाला ठाऊक? धोंडीरामाला होतं. त्यांचा तळ ज्या खेड्यापाशी पडला होता तिथली एक म्हातारी कोमट दुधात अंजिराची ताजी मोडलेली फांदी फिरवायची. फांदीचा चीक लागला की दूध धरतं. आणि अंजिराचं झाड माझ्या परसात होतं. खरं सांगतो, मला त्याच्या नोकरीएवढीच त्या फांदीची उत्सुकता लागली होती. एवढी वर्षं त्या झाडाची अंजिरं वटवाघळांनीच खाल्लेली, आता कुठं ते धंद्याच्या उपयोगी पडणार होतं.

पण एक अडचण होती, आणि ती आमच्याकडच्या लोकांनाच समजेल. दूध आपणहून नासलं तर तो दैवाचा भाग. हातानं मुद्दाम फोडलं तर पाप, आणि म्हैस आटते. काकीपुढं तर तो शब्द काढायची सोय नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी धोंडीरामानं आईला सांगितलं, "आई, सगळं दूध मला ठेव, दही लावतो." काकी वैरणीला गेली आणि मी पाव आटोपून फांदी धोतरात लपवून ओढा ओलांडला. मी तीन लेकरांचा बाप, तो लढाई बघून आलेला जवान, आणि आम्ही दोघं चुलीपुढं उकिडवे बसून चोरून दूध फोडत होतो. लहानपणी विडी ओढताना एवढी छाती धडधडली नव्हती. बराच वेळ काही होईना. धोंडीराम घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघत होता. मग पातेलं हलवलं तर आत सगळं खरवसासारखं थरथरलं, आणि आम्हाला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. सुरीनं कापलं, निवळ गाळली, गोळा धुतल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगला, खाली गडू ठेवला. मीठ संध्याकाळी घालायचं होतं. मग आम्ही भट्टीवर आलो वाटी करून बघायला.

वाटीचं गणित सोपं आहे. मैदा तेव्हा परवान्यावर मिळायचा, पण बेकरीवाल्याकडं डब्याच्या तळाशी थोडा असतोच. मैद्याला निम्मं लोणी. लोणी गार पाण्यातून काढलेलं, घट्ट. ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, चिमूट मीठ, दोन चमचे गार पाणी, आणि गोळा फक्त एकत्र आणायचा. मळायचं नाही. मळलं की चिवट. धोंडीरामाला हे तोंडपाठ होतं, पण त्याचा हात दोनशे माणसांच्या पोळ्यांचा. तो म्हणे, मळत नाही हो, नुसता गोळा करतोय, आणि तोवर दंडाच्या बेटकुळ्या वरखाली होत असत. मी बाजूला उभा राहून नुसतं तोंड चालवत होतो, कारण लोणी काकीचं, म्हणून नियमही काकीचा, माझं बोट लागायचं नव्हतं. तोंडानं पीठ भिजवता आलं असतं तर मी तेव्हाच साताऱ्यात बंगला बांधला असता. पहिली वाटी भाजून निघाली ती ट्रेवर आपटली तर परातीसारखी वाजली.

दुपार कलताना काकी आली. चेहरा असा खुललेला की चार वर्षांत बघितला नव्हता. हातात फडकं बांधलेलं पितळी पातेलं.

"धोंड्या, तुला चक्का बांधायचा कुनी शिकिवला रं?" ती म्हणाली. "सनाची किती काळजी हाय लेकराला. म्या केलं बग तयार. साठवलेली समदी साखर घातली. उस्मान, तुज्या पोरांस्नीबी आनलंय."

पातेल्यात आमचं चीज होतं. दसरा तोंडावर आलेला, खुंटीला फडकं टांगलेलं आणि खाली निथळतंय. आमच्या मुलखात याचा अर्थ एकच होतो. तिनं ते पाटावर घासून घासून, वेलदोडे घालून, श्रीखंड केलं होतं. साखर तेव्हा परवान्यावर मिळायची, आणि तिनं डबा पालथा केला होता.

धोंडीराम पातेल्याशी आला. बोट बुडवून चाटलं. दाताखाली ते चुईं चुईं वाजलं, नव्या वहाणेसारखं. "लय ग्वाड झालंय, आई," तो म्हणाला, आणि मान फिरवून भट्टीकडं बघत राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा सांगणं माझ्याच वाट्याला आलं. काकी, ते दही नव्हतं, आम्ही दूध फोडलं होतं, मडमेच्या पदार्थासाठी. काकीनं पातेलं खाली ठेवलं.

"माज्या चांदरीचं?"

"व्हय."

"हातानं?"

"फांदीनं," मी म्हटलं, जणू त्यानं पाप कमी होणार होतं.

"जाऊ दे आता," धोंडीराम म्हणाला. "सकाळचं समदं दूध त्यात गेलं. पेठंत जाऊन फोडायला दूध मागितलं तर कुनी देनार न्हाई. सोमवारी जातो मुंबईला."

काकी उठली. "दूध काडायची येळ झाली," एवढंच म्हणाली आणि समोरच्या दारानं न जाता परसातून गेली. काडकन् अंजिराची फांदी मोडल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. धोंडीराम इटलीतून एक ओरखडा न उमटता परत आला होता, पण आता आई त्याच फांदीनं फोडून काढणार याबद्दल आम्हाला शंका उरली नाही.

थोड्या वेळानं आम्ही भीत भीत मळ्यात गेलो. दिवस मावळत होता. काकी गोठ्यात चांदरीच्या कपाळावर हात ठेवून उभी होती. काय बोलली ते सगळं ऐकू आलं नाही, पण शेवटचं आलं. "बाई गं, तुजं रेडकू कुनी बोटीवर न्हेलं असतं तर तूबी केलं असतंस. आटू नगंस." मग धारोष्ण दुधाची चरवी घेऊन ती चुलीपाशी आली, फांदी काढली, डोळे मिटले आणि स्वतःच्या हातानं दुधात फिरवली. किती वेळ फिरवायची ते तिला ठाऊक नव्हतं. धोंडीरामानं हळूच तिचा हात धरून थांबवला.

दूध धरलं. तिनं एक डोळा उघडून बघितलं आणि म्हणाली, "ह्ये तर खरवस हाय की रं." जणू एवढ्यासाठी आपण इतकं घाबरलो होतो का, असा सूर होता.

रविवारी उजाडता उजाडता मायलेक चीजचा गोळा घेऊन भट्टीवर हजर. पाव निघाला होता, भट्टी उतरतीला लागत होती. धोंडीरामानं वाटीचं पीठ घेतलं, पुन्हा चिवट केलं. दुसरं घेतलं, तेही. आता लोणी एकाच वाटीपुरतं उरलं होतं.

काकीनं तपकिरीची चिमूट ओढली, पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. "उस्मान, तुज्या बोटास्नी खारीची सवं हाय. तूच कर."

"काकी, पाणी माझं लागेल."

"लागू दे. मडम खानार हाय, मी कुटं खानार हाय?"

असा मान मला जन्मात मिळाला नव्हता, आणि इतक्या लगेच परतही घेतला गेला नव्हता. मी हात धुतले आणि तीन मिनिटांत पीठ गोळा केलं. खोटं कशाला सांगू, त्या पिठाइतकं हलकं पीठ पुन्हा माझ्या हातून झालं नाही. लाटलं, खोलगट ट्रेमध्ये बसवलं, काट्यानं टोचलं. फुगू नये म्हणून वर कागद आणि मूठभर हरभरे ठेवून आधी नुसती वाटी भाजून घेतली. धोंडीरामानं कांदा लोण्यात मऊ केला, त्यात चाकवत आणि भेदरं, म्हणजे टोमॅटो, परतून सुकवली. त्यात खरं तर अंडं फोडून घालतात. काकीच्या माळेपुढं अंड्याचं नाव काढायची आमची छाती नव्हती, म्हणून दाट साय घातली. वर चीज कुस्करलं. काठाला दुमड घालायची राहिली होती, म्हणून बाजूला ठेवलेल्या पिठाची पट्टी मी काठावर बसवली, तोच काकी पुढं झाली आणि आपल्या डबीचं झाकण काठावर गोल गोल दाबत गेली. खुणेवाचून ट्रे भट्टीत जात नाही, हे ती माझ्यापेक्षा पक्कं मानत होती.

अर्ध्या तासानं मी तो ट्रे ओढला. काठ बदामी, वर चीज ठिकठिकाणी तांबूस आणि मधे भाजीचा हिरवा-लाल रंग. "ही तर उघडी करंजी," माझी बायको म्हणाली. याला टार्ट म्हणतात हे मला नंतर कळलं, पण आमच्या घरात आजही उघडी करंजीच म्हणतात.

धोंडीराम ट्रे टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन कॅम्पाकडं गेला. काकी देवाला नारळ फोडायला गेली. मी ताटकळत बसलो आणि वेळ जाईना म्हणून उरल्या पिठाची आणि उरल्या भाजीची बशीएवढी एक लहान उघडी करंजी भाजली.

एक वाजता धोंडीराम परतला. ट्रे रिकामा, तोंड कोरं.

"काय म्हणाली?"

"शिंकली."

"म्हणजे?"

"पैला घास घेतला आन् दोनदा शिंकली. मग म्हनली, मिरी ताजी दिसतीय."

आम्ही मिरी घातलीच नव्हती. मी भट्टीच्या पायरीवर मटकन बसलो आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी धाप लागल्यावर मी विचारलं, "अरे, पण नोकरीचं काय?"

"उद्यापासून पाचगणी," तो म्हणाला. "पगार ठरला. महिन्यातनं दोनदा घरी यायची मुभा मागितली, तीबी दिली. म्हनली, येताना ती मिरी आनत जा."

मग काय विचारता. मी, बायको, पोरं, धोंडीराम, सगळे त्या लहान करंजीवर तुटून पडलो. काठ जिभेवर विरघळत होता. कालचं श्रीखंडही कुणीतरी काढलं आणि आम्ही ते चुईं चुईं वाजवत खाल्लं. त्याचा परिणाम पोटांवर दोन दिवस राहिला, तो इथं लिहीत नाही. बशी मी बोटानं पुसून घेतली.

तेवढ्यात काकी आली. हातात नारळाची कवड. लेकाच्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. तिनं त्याच्या छातीवर हात फिरवला, मग बशीकडं बघितलं.

"उरलं न्हाई का रं जरा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकी, माझं पाणी होतं त्यात. तुम्ही खाणार नाही असं वाटलं."

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी तसंच वाटलं हुतं." कवड माझ्या पोरांना दिली आणि गेली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी माल करपवला, कच्चा काढला, एकदा एका वकिलाच्या घरची नानकटाई दुसऱ्या घरी दिली. त्याचं मला काही वाटत नाही. त्या पुसलेल्या बशीचं मात्र वाटतं.

सोमवारी सकाळी धोंडीराम पाचगणीच्या मोटारीत बसला. त्याला निरोप देऊन मी परत आलो तर काकी पायरीवर बसलेली. पुढं झाकण घातलेली चरवी, शेजारी पानात लोण्याचा गोळा.

"चांदरी आटली का काकी?" मी जरा भीतच विचारलं.

"आटतीय कशाला? काल सांच्यापारी पावशेर जास्त दिलं." तिनं चरवी माझ्याकडं सरकवली. "ह्ये घे. फोड."

मी बघतच राहिलो.

"बगतोस काय? आन् पीठ तुज्याच हातानं. त्या पोराच्या हातचं मला चावत न्हाई."

मी फांदी आणायला परसात गेलो.